आधी पट्टा, मग दार

काल तुझा फोन ठेवला आणि कपाटातली जाड निळी वही काढली. यंदापासून शर्यतीतून सुटलेल्या ग्रेहाउंडांना घरं शोधणाऱ्या आपल्या संस्थेचा वार्षिक मेळावा तू बघणार हे ऐकून फार बरं वाटलं. अठरा वर्षं तो मी पाहिला. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून वही तुझ्याकडे पाठवतेय. पण वहीत नुसत्या याद्या आहेत. त्या याद्यांमागचं का आणि कसं कुणीतरी सांगावं लागतं, म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात आधी हे मनाशी पक्कं कर, की मेळाव्याला माणसं येतात, पण त्याचं माप कुत्र्याचं ठेवायचं. तंबू कुठं ठोकायचा, जेवण किती वाजता, लाउडस्पीकर केवढा, हे ठरवताना कुत्र्याला काय सोसेल ते आधी बघायचं. ज्या वर्षी कुत्री निवांत होती त्या वर्षी लोक संध्याकाळपर्यंत रेंगाळले आणि त्यांनी मोकळ्या हातानं पैसे दिले. एका वर्षी मेळावा मे महिन्यात ठेवला, तर अचानक ऊन तापलं, कुत्री धापा टाकायला लागली आणि दुपारी दोनलाच पार्किंग रिकामं झालं. लिलावाच्या टेबलांवर निम्म्या वस्तू तशाच पडून राहिल्या. पैसा हवा असेल तर आधी सावली बघ.

या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच आणि केसही आखूड. थंडी लागते तशी गरमीही सोसत नाही. म्हणून आपण सप्टेंबरच्या अखेरीचा शनिवार धरला तो धरलाच. ऑक्टोबरात कोलंबस डेच्या वीकेंडला डेलावेअरमधल्या ड्यूई बीचवर देशभरातले ग्रेहाउंडवाले वर्षानुवर्षं जमत आलेत. आपली निम्मी माणसं तिकडे जातात, त्या तारखेला हात लावू नकोस. मुलांचे प्लॅस्टिकचे पोहायचे टब चार-पाच घे, सकाळी दहालाच भरून सावलीत ठेव. एकानं पाय बुडवला की बाकीची रांगेनं येतात. प्यायच्या पाण्याची पातेली वेगळी.

आता तुला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. पार्किंगच्या तोंडाशी मोठा फलक लावायचा: ‘आधी पट्टा, मग दार’. आणि त्याच्याशेजारी एक माणूस उभा करायचा, जो प्रत्येक गाडीच्या काचेशी वाकून तेच तोंडानं सांगेल. फलक कुणी वाचत नाही.

हे मी शिकले ते तिसऱ्या वर्षी. एका कुटुंबानं गाडीचं मागचं दार उघडलं, कुत्री उडी मारून बाहेर आली आणि गळ्यातला साधा सपाट पट्टा क्षणात डोक्यावरून निसटला. ग्रेहाउंडचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा पट्टा त्यांच्या गळ्यात असून नसल्यासारखा. तासाला सत्तर किलोमीटरच्या आसपास पळणारं जनावर ते; ट्रॅकवर काही सेकंदांत जेवढं अंतर कापतं तेवढं आपण मिनिटभरात चालत नाही. आणि आम्ही काय केलं, तर वीस माणसं तिच्यामागे धावलो. घाबरलेल्या कुत्र्यामागे वीस माणसं धावली की ते शिकारी मागे लागलेल्या सशासारखं पळतं. ती रस्ता ओलांडून मक्याच्या शेतात गेली. रात्रभर आम्ही बॅटऱ्या घेऊन फिरलो. पहाटे तिच्याच घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला घेऊन एक बाई शेताच्या कडेला गवतावर बसून राहिली, तिकडे पाठ करून, नुसती बसून. गाडीचं दार उघडं ठेवलेलं. दीड तासानं मका हलला, कुत्री हळूहळू आली आणि गाडीत जाऊन आडवी झाली. पंजे सोलून निघाले होते, पण हाडं शाबूत होती.

तेव्हापासूनचे नियम वहीच्या पहिल्या पानावर आहेत. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात मार्टिंगेल पट्टा, म्हणजे ओढला की आवळणारा आणि सोडला की सैल होणारा. कानांच्या मागे तो पुरा आवळला तर दोन बोटं जातील एवढाच सैल असावा. हे नोंदणीच्या टेबलावर स्वतः बोट घालून बघायचं, मालकाच्या शब्दावर सोडायचं नाही. गुंडाळीचे लांबणारे दोर मैदानावर अजिबात नकोत. तो प्लॅस्टिकचा दांडा हातातून सुटला की खडखडत कुत्र्याच्या मागे घसटत येतो आणि कुत्र्याला वाटतं आपल्यामागे काहीतरी लागलंय. मग ते थांबतच नाही. दोराचा फास अंगठ्यात अडकवून वर मूठ आवळायची, हे नव्या लोकांना दाखवून दे. कुत्रं सुटलंच तर ओरडायचं नाही, पळायचं नाही. खाली बसायचं. कुत्रं हरवल्याचे, फोटोची जागा सोडून छापलेले पन्नास कागद, टेप आणि शिकारी लोक वापरतात ती सशासारखी किंचाळणारी पिपाणी, एवढं एका पिशवीत बांधून माझ्या खुर्चीखाली असायचं. अठरा वर्षांत ती पिशवी दोनदा उघडली. तरी ती तुझ्या खुर्चीखालीही असू दे.

नोंदणीच्या वेळी रेबीजच्या लसीचा दाखला बघायचा. पार्कवाले विमा मागतात, त्यात त्यांचं नाव घालून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते ऑगस्टमध्येच आणून ठेव, घोंगडं भिजत ठेवू नकोस. आणि नोंदणीच्या अर्जात कानांतले आकडे लिहून घे. अमेरिकेत ट्रॅकवर पळालेल्या ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत गोंदण असतं. डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक. उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा आकडा आणि त्या वेतातल्या पिलाचं अक्षर. उजव्या कानात ५९सी असेल तर २०१९ च्या मे महिन्यातलं, वेतातलं तिसरं पिल्लू. लोकांना हे वाचून दाखवायला एक टेबलच ठेव. एका वर्षी दोन वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या कुत्र्यांच्या डाव्या कानातला आकडा एकच निघाला. सख्खी भावंडं, चार वर्षांनी भेटलेली. दोन्ही कुटुंबं तिथंच बसून रडली आणि दरवर्षी मेळाव्याला येऊ लागली.

मोकळं पळायला कुंपणाचं आवार करायचं ते सहा फूट उंचीचं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मुसकी, किंवा मग कुणालाच नाही. एकाला घालून दुसऱ्याला मोकळं सोडलं तर ते अन्याय्य होतं. मुसकी ही शिक्षा आहे असं नव्या लोकांना वाटतं. त्यांना सांग की ग्रेहाउंड पळताना उत्साहात दात लावतात आणि त्यांची कातडी कागदासारखी पातळ असते. खेळताखेळता वीतभर फाटते. एका वेळी चार किंवा पाच, त्याहून जास्त नाही. आणि शर्यत लावायची नाही, पैसे कितीही मिळोत. दरवर्षी कुणीतरी हौशी माणूस ती कल्पना घेऊन येतो. जे सोडून ही कुत्री आलीत तेच त्यांच्याकडून पुन्हा करून घ्यायचं नाही. त्याऐवजी सर्वांत लांब शेपटी, सर्वांत पांढरं तोंड, माणसाला सर्वांत छान टेकून उभं राहणारं कुत्रं, अशा स्पर्धा ठेव. तुला ठाऊक आहे, ही कुत्री माणसाला सगळा भार देऊन टेकतात. त्यावर लोक जीव टाकतात. आणि फुगे नकोत, फटाके नकोत, बक्षिसाला शिट्टीही नको.

छोटी कुत्री आणणाऱ्यांना वेगळा कोपरा दे. ग्रेहाउंड ही वासावर नाही, नजरेवर शिकार करणारी जात. पळणारं बारीक काही दिसलं की डोळे बदलतात. व्हिपेट आणि इटालियन ग्रेहाउंड एकाच कुळातले असले तरी त्यांना मोठ्यांच्या आवारात सोडू नकोस. ज्या कुत्र्याला माणसांची भीती आहे त्याच्या दोराला पिवळी फीत बांध. झोपलेल्या कुत्र्याला मुलांनी हात लावायचा नाही, हे तर प्रत्येक पोराला जवळ घेऊन सांगायचं. बरीचशी कुत्री ट्रॅकवर आपल्या पिंजऱ्यात एकटी झोपत आलेली असतात, अंगावर अचानक हात पडला की दचकून चावू शकतात.

पाऊस आला तर गावातल्या हॉलमध्ये हलायचं. पण तिथली फरशी आरशासारखी गुळगुळीत आहे. ग्रेहाउंडला त्यावर पाय ठेववत नाही. चारी पाय पसरून थरथरत उभी राहतात. दारापासून आतपर्यंत योगाच्या चटया आणि जुन्या सतरंज्या अंथरायच्या. माझ्या गॅरेजमध्ये तेवीस चटया आहेत, त्या घेऊन जा.

खाण्याच्या टेबलाबद्दल कानाला खडा लावलाय मी. ग्रेहाउंडचं नाक बरोबर टेबलाच्या उंचीवर येतं. सहाव्या वर्षी मी रव्याचे लाडू करून विक्रीला ठेवले होते, प्रत्येकावर एक बेदाणा. वळून पैसे सुटे करतेय तोवर एका काळ्या कुत्र्यानं परात निम्मी केली. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंड जातात. किती खाल्ले तर होतं याचा नेम नाही, म्हणून वाट बघायची नसते. नशिबानं आपल्यात एक व्हेट होती. तिनं तिथंच त्याला ओकारी करवली आणि दवाखान्यात नेऊन दोन दिवस सलाइनवर ठेवलं. त्याच्या मालकिणीनं मला एका शब्दानं दुखावलं नाही, पण मी त्या रात्री झोपले नाही. तेव्हापासून बेदाणा, चॉकलेट, कांदा आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं काहीही मैदानावर येत नाही. माणसांचं जेवण कुंपणाबाहेर, उंच टेबलावर, झाकून. आणि व्हेट मैदानावर असल्याशिवाय मेळावा सुरू करायचा नाही. तिच्याकडे ग्रेहाउंडचा अनुभव हवा. यांना काही भुलीची औषधं चालत नाहीत, रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतं, थायरॉइडचा आकडा कमी दिसतो आणि नवा डॉक्टर नसलेल्या आजाराच्या गोळ्या लिहून देतो.

आता पैशाचं.

पहिल्या काही वर्षांत आम्ही तिकिटातून पैसे काढायला गेलो आणि फसलो. तिकीट फक्त खर्च भरून काढण्यापुरतं ठेव: जागा, तंबू, विमा, फिरती स्वच्छतागृहं. मिळकत तीन ठिकाणांहून होते. विक्रेत्यांकडून टेबलाचं भाडं आणि लिलावासाठी एकेक वस्तू. नखं कापायचं टेबल, ज्याला आपण दहा डॉलर लावतो. रांग दिवसभर हटत नाही, कारण या कुत्र्यांची नखं बहुधा काळी आणि जाड, घरी कापायला सगळे घाबरतात. आणि तिसरा सायलेंट ऑक्शन, म्हणजे कागदावर बोली लिहायचा लिलाव.

लिलावात वस्तू कमी आणि चांगल्या ठेव. घरातली अडगळ लोक आनंदानं देतात, ती गोड बोलून परत पाठवायची. प्रत्येक कागदाला पेन दोऱ्यानं बांध. पेन हरवलं की बोली थांबते. सगळी टेबलं एकदम बंद करू नकोस. पंधरा पंधरा मिनिटांच्या अंतरानं एकेक बंद केलं की एका टेबलावर हरलेला माणूस चिडून दुसऱ्यावर जास्त लिहितो. आणि तुझी आजी शिवायची तशी गोधडी दरवर्षी एक तरी असू दे. जुन्या सुती साड्यांचे थर, चारी बाजूंनी आतपर्यंत धावदोरा. ग्रेहाउंडच्या कोपरांना मांस नसतं, कठीण जमिनीवर ती झोपत नाहीत. त्यांना मऊ लागतं. पहिल्या वर्षी मी गोधडी टेबलावर घडी घालून ठेवली, तर कुणी बघेना. पुढच्या वर्षी ती गवतावर पसरली. पाच मिनिटांत एक करडी म्हातारी कुत्री आली, दोनदा गोल फिरली आणि चारी पाय वर करून उताणी झोपली. त्या दुपारी त्या कागदाची मागची बाजूही बोल्यांनी भरली.

रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत, काढायची असेल तर आपल्या पेनसिल्व्हेनियात ‘स्मॉल गेम्स ऑफ चान्स’चा परवाना लागतो, तो काउंटी ट्रेझररच्या कचेरीतून मिळतो. परवान्याशिवाय एकही तिकीट फाडू नकोस. चांगल्या कामासाठी आहे म्हणून कायदा सोडत नाही. करांचं नीट सांभाळ. २५० डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी असेल तर करसवलतीसाठी देणाऱ्याला लेखी पोच लागतेच. देणगीच्या बदल्यात काही वस्तू दिली आणि रक्कम ७५ डॉलरच्या वर असली, तर त्या वस्तूची किंमत पोचेत लिहायची. रॅफलचं तिकीट ही देणगी धरली जात नाही, हे लोकांना आधीच सांगून टाक. आणि आपल्या मराठी मंडळींना विचारायला लाजू नकोस. आयटीतल्या कितीतरी कंपन्या कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. फक्त कर्मचाऱ्यानं अर्ज भरायला हवा. महाराष्ट्र मंडळातल्या एका जोडप्यानं कुत्रं कधी पाळलं नाही, पण दर वर्षी तो अर्ज न चुकता भरतात.

रोख रक्कम मोजायला नेहमी दोन माणसं, एकाच घरातली नकोत. मोजून दोघांच्या सह्या. दहा दिवसांच्या आत सगळ्यांना कळवायचं की किती आले, किती खर्च झाले, किती उरले. आणि पैसे कशासाठी ते सांगताना संस्थेबद्दल भाषण करू नकोस. एका कुत्र्याचं बिल वाचून दाखव. ट्रॅकवरून आलेल्या कुत्र्याचे दात बहुधा इतके किटण धरलेले असतात की भूल देऊन साफ करावे लागतात, कधी दहा-बारा काढावे लागतात. मागच्या पायाचा घोटा मोडलेला असेल तर शस्त्रक्रिया. गोचिडीच्या आजाराच्या तपासण्या, नसबंदी, आणायचा पेट्रोलचा खर्च. ते बिल आणि ते कुत्रं दोन्ही लोकांसमोर आणून उभी कर. दुसरं काही बोलावं लागत नाही.

काळ बदललाय हेही ध्यानात ठेव. मी सुरुवात केली तेव्हा आपल्यासारख्या संस्थांना घरं कमी पडायची. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या मतदारांनी ग्रेहाउंडच्या शर्यती बंद करायच्या बाजूनं कौल दिला. देशातले अर्ध्याहून जास्त ट्रॅक त्या एका राज्यात होते, ते २०२० च्या अखेरीस थांबले. २०२२ मध्ये अर्कान्सातलं वेस्ट मेम्फिस गेलं. मग उरले दोन, दोन्ही वेस्ट व्हर्जिनियात, व्हीलिंग आणि क्रॉस लेन्स. आता घरं वाट बघतात आणि कुत्री कमी. म्हणून संस्था आयर्लंडमधून ग्रेहाउंड आणतात, स्पेनमधून गाल्गो, म्हणजे तिथली ग्रेहाउंडसारखी शिकारी कुत्री. गाल्गोंची गोष्ट वेगळीच आहे. शिकारीचा हंगाम संपला की तिथं दर वर्षी किती तरी कुत्री टाकून दिली जातात. त्यांच्या विमानाचा खर्च मोठा. म्हणून पाटीवर नुसतं ग्रेहाउंड न लिहिता साइटहाउंड, म्हणजे नजरेवर शिकार करणारी कुत्री, असं लिही आणि सालुकी, बोर्झॉय, व्हिपेट पाळणाऱ्यांनाही बोलाव. सगळी एकाच गोतातली आहेत.

त्याच गोतातलं आपल्याकडचंही आहे. लातूरकडं तुझ्या आईच्या आजोबांच्या वाड्यात कारवानी कुत्री असायची: लांब तोंड, आत ओढलेलं पोट, उंबऱ्यावर पाय ताणून पडलेली. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हीच जात वाढवली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. मी त्या तिकिटाची चौकट नोंदणीच्या टेबलावर ठेवते. लोक विचारतात, मी सांगते. तू पण सांग.

शर्यतीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्ही लोक आपल्याकडे येतात. भांडण होऊ शकतं, झालंही आहे. मी एक पथ्य पाळलं: कुंपणाच्या आत वाद नाही, बाहेर पार्किंगमध्ये हवा तेवढा घाला. माझं मत तुला माहीत आहे, शर्यती बंद व्हायला हव्यात. तरीही मी जुन्या ट्रेनरांना बोलावत आले. एका वर्षी व्हीलिंगहून एक वयस्क माणूस आला. गर्दीत उभा राहून त्यानं एका कुत्र्याला ट्रॅकवरच्या नावानं हाक मारली. पाच वर्षं दुसऱ्या घरी राहिलेला तो कुत्रा कान उभे करून वळला, शेपटी हेलिकॉप्टरसारखी फिरवत गेला आणि त्याच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला. त्या माणसानं टोपी डोळ्यांवर ओढली. त्यानंतर त्यानं स्वतःच्या गाडीतून आपल्याकडे कुत्री पोचवली, पैसे न घेता. हा माणूस मी दारातून परत पाठवला असता तर?

दुपारी चारला, लिलावाची शेवटची टेबलं बंद व्हायच्या आधी, त्या वर्षी गेलेल्यांची नावं वाचायची. ही जात दहा ते तेरा वर्षं जगते आणि हाडाच्या कर्करोगानं फार जणांना नेलंय. नावं हळू वाच. एक नाव, मग श्वास, मग पुढचं. ज्यांचं कुत्रं गेलं ती माणसं रिकाम्या हातांनी आलेली असतात, त्यांना पुढे बसव आणि तीन पायांचं कुणी असेल त्याला त्यांच्याजवळ ने. माझी बिजली गेली त्या वर्षी मला नावं वाचवेनात. अर्ध्यात थांबले. तेवढ्यात मागून एका कुत्र्यानं मान वर करून सूर लावला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. ग्रेहाउंड असे एकत्र ओरडायला लागले की त्याला इथं ‘रू’ म्हणतात. दीडशे कुत्री, सगळं मैदान. मिनिटभर चाललं आणि जसं सुरू झालं तसं थांबलं. मी उरलेली नावं वाचली. म्हणून सांगते, त्या वेळी कुणाला गप्प करू नकोस, ना माणसाला ना कुत्र्याला.

पार्कचं पुढच्या सप्टेंबरचं बुकिंग २ जानेवारीला सकाळी आठला उघडतं. तंबूंच्या बाजूचं मैदान मागायचं, ओढ्याच्या बाजूचं नाही. तिथं गोचिड्या असतात. आठच्या ठोक्याला फोन लाव.